खातरजमा

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मी भारतातून निघताना सामानाबरोबरच आणली होती. १९९८ साली नोकरीसाठी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ येऊन पडलो तेव्हा बॅगेत प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स होत्या, त्यातल्या दोन अटेस्टेड. पासपोर्ट साइज फोटोंचं एक जाडजूड पाकीटही होतं. त्या पाकिटातला एकही फोटो आजतागायत इथे कुणी मागितलेला नाही. :)

पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त नवल वाटलं ते लोकांच्या एकमेकांवरच्या विश्वासाचं. विजेच्या बिलाचा चेक पाकिटात घालायचा, पाकीट घरासमोरच्या बिनकुलपाच्या टपालपेटीत ठेवायचं आणि पेटीचं लाल निशाण वर करायचं. पोस्टमन येतो आणि घेऊन जातो. ऑगस्टमध्ये शहरापासून जरा लांब गेलं की रस्त्याकडेला टेबलावर मक्याची कणसं रचलेली दिसतात, शेजारी पैशांसाठी डबा, आणि राखायला माणूस कुणीच नाही. कणसं घ्या, पैसे टाका, चालू लागा.

आणि गंमत म्हणजे हीच माणसं वॉशिंग्टनचं नाव काढलं की एका सुरात सांगायची, “सगळे खोटारडे आहेत तिथे!” अरे बाबा, तुझा चेक जो घेऊन जातो तो पोस्टमन कुणाचा नोकर आहे? वॉशिंग्टनचाच ना! पण पोस्टमन वेगळा आणि वॉशिंग्टन वेगळं, हे त्यांच्या मनात अगदी पक्कं होतं. वर बसलेल्यांवर विश्वास नाही, खाली समोर दिसणाऱ्या माणसावर आहे.

विचार केला तर यात विसंगती काहीच नाही. या देशाची राज्यघटनाच मुळी अविश्वासातून लिहिलेली आहे. राजाला हाकलून लावलेल्या माणसांनी १७८७ साली ती लिहिली. कुणाही एकाच्या हाती फार सत्ता द्यायची नाही, हा तिचा गाभा. काँग्रेसने कायदा करायचा, तर राष्ट्राध्यक्ष तो अडवू शकतो. राष्ट्राध्यक्षाने अडवला तर काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा पुढे रेटू शकते. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाने निवडायचा, पण सिनेटने होकार दिला तरच तो खुर्चीत बसणार. थोडक्यात काय, तर प्रत्येक दारावर एक पहारेकरी आणि त्या पहारेकऱ्यावर नजर ठेवायला दुसरा.

म्हणजे वरच्यांवर संशय घेणं हा इथला राष्ट्रीय छंद आहे, आणि तो चांगलाच आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या काही वर्षांत हा अविश्वास जिना उतरून खाली यायला लागलाय. तो अगदी खालच्या पायरीवर आला की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडे आकडे. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असं तुम्हाला वाटतं का, हा प्रश्न अमेरिकन लोकांना १९५८ पासून विचारला जातोय. तेव्हा चारातले तीन जण ‘हो’ म्हणत. १९६४ मध्ये तर ७७ टक्के. मग घसरण सुरू झाली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर थोडा काळ आकडा पुन्हा निम्म्याच्या वर गेला, पण २००७ नंतर तो ३० टक्क्यांच्या वर कधी गेलेला नाही. ‘प्यू’च्या २०२३ च्या पाहणीत तो १६ टक्के होता. बातम्या देणाऱ्यांची गतही तीच. ‘गॅलप’च्या पाहणीत १९७६ साली ७२ टक्के लोकांचा वर्तमानपत्रं, टीव्ही, रेडिओ यांच्यावर बऱ्यापैकी विश्वास होता. २०२५ मध्ये २८ टक्के.

हे आकडे वाचले की माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहतो. आमच्या शेजारचे आजोबा. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरी ओलांडलेले. आम्ही या घरात राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे उठून बघतो तर आमच्या दारातला बर्फ कुणीतरी आधीच काढलेला. माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली, कारण मी ऑफिसातून येईपर्यंत अंधार व्हायचा. ‘शेजारचे आजोबा’ हे नाव आमच्या घरात तेव्हापासून पडलं, ते आजही आहे. त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ते फार खूश झाले होते.

हे आजोबा १९६८ साली, विशीत, व्हिएतनामला गेले. सक्तीची भरती होती, चिठ्ठी आली आणि गेले. त्यांच्याबरोबर शाळेत असलेले दोघे परत आले नाहीत. ते लढाईच्या गोष्टी सांगत नाहीत, पण टोंकिनच्या आखाताची गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल.

ऑगस्ट १९६४. अमेरिकन युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने दोन दिवसांच्या अंतराने दोनदा हल्ला केला, असं सरकारने देशाला सांगितलं. त्या जोरावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसकडून लष्करी कारवाईची मोकळीक मिळवली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. पहिली चकमक खरी होती. दुसरा हल्ला झालाच नव्हता! पुढे सरकारच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकाराने तसं लिहिलं, आणि ते लिखाण २००५ साली लोकांसमोर आलं. तोपर्यंत त्या युद्धात ५८,००० हून जास्त अमेरिकन माणसं गेली होती. व्हिएतनामी किती गेले ते तर लाखांत मोजावं लागतं.

“मी वीस वर्षांचा होतो. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला,” एवढंच आजोबा म्हणतात. अशा माणसाला ‘सरकारवर विश्वास ठेवा हो’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण या गोष्टीला दुसरा भाग आहे, आणि तो आजोबांना मी सांगत असतो. हे खोटं बाहेर कसं आलं? युद्धाचा खरा इतिहास पेंटॅगॉनच्याच कागदांत होता. डॅनिएल एल्सबर्ग या तिथल्याच माहितगार माणसाने तो बाहेर काढला, जून १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापायला घेतला, सरकार छपाई थांबवायला कोर्टात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वर्तमानपत्रांच्या बाजूने निकाल दिला. वॉटरगेटचंही तसंच. वर्तमानपत्राने धागा धरला, सिनेटच्या समितीने तो ओढला. मग जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० अशा एकमताने निक्सनना संभाषणांच्या टेपा द्यायला लावल्या. त्या आठांतले तीन न्यायाधीश खुद्द निक्सन यांनीच नेमलेले होते. शेवटी निक्सनना ‘आता तुमच्या बाजूने पुरेशी मतं उरलेली नाहीत’ हे सांगायला त्यांच्याच पक्षाचे नेते गेले. ९ ऑगस्टला ते पायउतार झाले.

म्हणजे खोटं बोलल्या त्या संस्थाच आणि खोटं पकडलं तेही संस्थांनीच. लोकांच्या मनात मात्र पहिलाच भाग राहिला. साहजिक आहे म्हणा. चोर पकडला गेला म्हणून कुणी पेढे वाटत नाही, चोरी झाली हेच डोक्यात राहतं.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग २००३ चा. ५ फेब्रुवारीला कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांमध्ये इराकच्या महाभयंकर शस्त्रांचे ‘पुरावे’ दाखवत होते आणि आम्ही सगळे ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर उभे होतो. पॉवेल म्हणजे तेव्हा सगळ्या सरकारात विश्वासार्ह माणूस. संध्याकाळी आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, “पुन्हा तेच चाललंय.” शस्त्रं सापडली नाहीत. मे २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने, आपल्या इराकविषयीच्या बातम्या पुरेशा तपासून छापल्या गेल्या नव्हत्या, असं वाचकांना लिहून कळवलं. तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. २००८ साली बँका बुडाल्या तेव्हा त्यांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरच्या मदतीचा कायदा झाला, आणि आमच्या गल्लीतली तीन घरं लिलावात गेली. त्या तीन घरांतल्या लोकांनी काय धडा घेतला असेल?

आता जिन्याच्या मधल्या पायरीवर येतो. ती म्हणजे फ्लिंट.

फ्लिंट हे आमच्यापासून तासाभरावरचं, २०१४ च्या सुमारास जवळपास एक लाख वस्ती असलेलं शहर. निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची. माझ्या टीममध्ये तिथली एक बाई होती, रोज तासभर गाडी चालवत यायची. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला म्हणून शहराचं पाणी डेट्रॉइटकडून घेणं थांबवलं आणि फ्लिंट नदीचं पाणी नळांना सोडलं. हा कारभार तेव्हा राज्याच्या गव्हर्नरने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातात होता. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात एक द्रव्य घालावं लागतं, ते घातलंच नाही. जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. माझी सहकारी तपकिरी पाण्याची बाटली ऑफिसात घेऊन यायची आणि सगळ्यांना दाखवायची. अधिकारी सांगत होते, पाणी उत्तम आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या तिथल्या इंजिनाच्या कारखान्यात ते पाणी वापरणं बंद केलं, कारण सुटे भाग गंजत होते. म्हणजे जे पाणी लोखंडाला चालत नव्हतं, ते लेकरांना चालत होतं!

ते जवळपास आणखी एक वर्ष चाललं. शेवटी रहिवाशांनीच व्हर्जिनिया टेकच्या एका प्राध्यापकाला गाठलं आणि शेकडो घरांतले नमुने भरून पाठवले. मोना हाना-अटिशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. सरकारी लोकांनी आधी त्यांचे आकडेच चूक ठरवले आणि काही दिवसांतच ते मान्य करावे लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी पुन्हा डेट्रॉइटचं झालं.

या काळात तिथलं वर्तमानपत्र कुठे होतं? ‘फ्लिंट जर्नल’ २००९ मध्येच रोजच्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस निघू लागलं होतं. डेट्रॉइटच्या दोन्ही वर्तमानपत्रांनी त्याच वर्षी घरोघरी टाकणं तीन दिवसांवर आणलं. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली, आणि त्यात बहुतेक अशी गावोगावची साप्ताहिकं. माध्यमांवरचा विश्वास उडाला असं आपण म्हणतो तेव्हा टीव्हीवर भांडणारे चेहरे डोळ्यांसमोर येतात. पण पाणीपुरवठ्याच्या बैठकीला जाऊन मागच्या खुर्चीत बसणारा, गावात सगळे ज्याला ओळखतात असा वार्ताहरच उरला नाही, तर विश्वास ठेवायचा तरी कुणावर? फ्लिंटच्या बातम्या खणून काढणाऱ्यांत पुढे होता तो वार्ताहर वर्तमानपत्राचा नव्हता, एका नागरी हक्क संघटनेने नेमलेला होता.

२०२५ च्या जुलैमध्ये राज्याने जाहीर केलं की फ्लिंटमधले शिशाचे सुमारे ११,००० पाइप बदलून झाले. पाण्याच्या चाचण्या तर त्याच्या किती तरी आधीपासून ठीक येत होत्या. ती सहकारी आता निवृत्त झाली आहे. मी तिला फोन केला आणि विचारलं, नळाचं पाणी पितेस का? म्हणाली, “बाटलीचंच पिते. पाणी चांगलं असेलही रे. पण सांगणारे तेच आहेत ना?”

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, ते हे असं. तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिच्या शंकेमागे अनुभव आहे. पण मला त्यात एक फार दुःखाची गोष्ट दिसते. पाणी नासलं तेव्हा ते तपासून घ्यायचा मार्ग होता, आणि तिने व तिच्या शेजाऱ्यांनी तो शोधला. आता मात्र कुठल्याही चाचणीने तिचं समाधान होईल असं वाटत नाही. पाइप बदलता येतात, हे कसं बदलायचं?

आणि आता खालची पायरी.

मी २०१२ मध्ये नागरिक झालो. २०२० साली करोनामुळे मतदान केंद्रांवर काम करणारी म्हातारी माणसं घरी राहिली, माणसं कमी पडू लागली, म्हणून मी नाव दिलं. आमच्या गावच्या क्लार्क बाईंनी प्रशिक्षण दिलं. (क्लार्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे. मिशिगनमध्ये निवडणुका दिल्लीसारख्या कुठल्या लांबच्या कचेरीतून चालत नाहीत, गावोगावचे क्लार्क त्या चालवतात.) प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांचा निदान एक-एक माणूस हवाच. मतपत्रिका कागदाची, मशीन फक्त मोजतं. सकाळी ७ ते रात्री ८ मतदान. मग किती मतदार आले आणि किती मतपत्रिका मशीनमध्ये गेल्या याचा मेळ घालायचा, डब्याला सील लावायचं, सीलचा नंबर लिहायचा, दोन्ही पक्षांच्या माणसांनी सही करायची. माझ्या शेजारी बसलेल्या रिपब्लिकन बाई गावातल्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळायच्या. आमचा मेळ एका मतपत्रिकेने चुकत होता. रात्री सव्वानऊपर्यंत आम्ही दोघं तो शोधत बसलो आणि सापडल्यावर त्या बाईंनी मला टाळी दिली. एक मतदार रांगेला कंटाळून मतपत्रिका परत देऊन गेला होता, त्याची नोंद दुसऱ्या पानावर होती.

घरी आलो, झोपलो. दोन दिवसांनी नागपूरच्या चुलतभावाचा मेसेज. सोबत व्हिडिओ. रात्रीच्या अंधारात डेट्रॉइटच्या मतमोजणी केंद्रात एक माणूस हातगाडीवरून पेटी ओढत नेतोय. ‘दादा, हे तुझ्याच गावातलं ना? चोरून मतं आणतायत बघ!’ तो माणूस निघाला डेट्रॉइटच्याच एका टीव्ही वाहिनीचा छायाचित्रकार आणि पेटीत होती कॅमेऱ्याची उपकरणं. पण हा खुलासा काही नागपूरपर्यंत पोचला नाही. खोटी बातमी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून माझ्याकडे परत आली होती, खरी बातमी शेजारच्या घरातही गेली नाही.

हो, शेजारच्या घरातही. आजोबांना वाटत होतं की निवडणूक चोरली गेली. मी त्यांना माझा दिवस सगळा सांगितला, सीलसकट. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “तू सांगतोस म्हणजे तुझ्या केंद्रावर ठीकच असणार. पण डेट्रॉइटमध्ये काय झालं ते तुला काय माहीत?”

मग मी त्यांना अँट्रिम काउंटीबद्दल सांगितलं. तिथे पहिल्या रात्रीच्या कच्च्या आकड्यांत बायडन पुढे दिसले, अन् ती काउंटी तर रिपब्लिकनांची. माणसाची चूक होती, मतपत्रिकेत उशिरा झालेले बदल सगळ्या मशीनमध्ये भरले गेले नव्हते. पण कागद होते ना! डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या मतपत्रिका हाताने मोजल्या, तेव्हा दुरुस्त केलेल्या निकालात आणि हातमोजणीत फरक पडला तो १२ मतांचा. राज्यभरात दोघांमधलं अंतर होतं सुमारे १,५४,००० मतांचं. पुढे रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटच्या समितीने कित्येक महिने चौकशी केली आणि जून २०२१ मध्ये लिहून दिलं की निकाल फिरेल असा गैरप्रकार झाल्याचा पुरावा नाही. राज्याच्या मंडळावर निकालाला मंजुरी द्यायच्या वेळी ॲरन व्हॅन लँगव्हेल्ड या रिपब्लिकन सदस्याने कायद्याप्रमाणे ‘हो’ म्हटलं. पक्षाने त्यांना पुन्हा काही त्या जागेसाठी पाठवलं नाही.

आजोबा म्हणाले, “तेही विकले गेले असतील.”

त्या वाक्यापाशी मी थांबलो. कारण आता माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं. डेमोक्रॅट सांगतो तर तो खोटा, रिपब्लिकन सांगतो तर तो विकलेला, कोर्ट सांगतं तर तेही त्यातलंच. टोंकिनच्या वेळी आजोबांना पुरावा हवा होता आणि पुरावा मिळाल्यावर त्यांचा संशय खरा ठरला. इथे पुराव्याने संशय उलट वाढत होता.

हे फक्त एकाच पक्षाचं आहे असं मात्र समजू नका. २००४ मध्ये ओहायोची मशीन बिघडवली होती असं सांगणारे माझे डेमोक्रॅट मित्र आहेत, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ‘लाखो मतं गायब कशी झाली?’ असे मेसेज मला त्यांच्याकडूनच आले. फरक आहे तो प्रमाणात आणि कुणी मोठ्या माणसाने ते उचलून धरलं यात. ‘प्यू’ची एक पाहणी फार बोलकी आहे. देशात निवडणूक नीट पार पडली का, या प्रश्नाला ट्रम्प यांच्या मतदारांपैकी २०२० मध्ये पाचातला साधारण एक ‘हो’ म्हणाला होता. २०२४ मध्ये दहातले नऊ. मी दोन्ही वेळी त्याच टेबलाशी होतो. मशीन तीच, सील तसंच, शाळेतल्या बाई त्याच. बदलला होता फक्त निकाल.

आमच्या क्लार्क बाई मात्र २०२४ ला नव्हत्या. वीसेक वर्षं त्यांनी गावच्या निवडणुका सांभाळल्या. २०२० नंतर रात्री-अपरात्री त्यांच्या घरचा फोन वाजायला लागला. कुणी शिव्या द्यायचं, कुणी मुलांची नावं घेऊन बोलायचं. त्यांनी मुदत संपल्यावर काम सोडलं. निरोपाला केक कापला तेव्हा म्हणाल्या, “मी या सगळ्यांच्या कुत्र्यांचीही लायसन्सं करून दिली आहेत.” (हो, गावातल्या कुत्र्यांची लायसन्सं करून देणं हेही क्लार्कचंच काम!) ज्यांनी फोन केले त्यांतल्या निम्म्यांना तरी त्या नावाने ओळखत असणार.

जिना उतरून खाली येणं म्हणतो ते हेच. राष्ट्राध्यक्षावर संशय घेतला तर त्याचं काही बिघडत नाही, त्याला वकील आहेत, पहारेकरी आहेत. खालच्या पायरीवरच्या माणसाला कुणी नाही. ती माणसं कंटाळून घरी बसली की त्यांच्या जागी कोण येणार? ज्यांना हे काम फार म्हणजे फारच हवंय असे लोक. आणि मग संशयाला खरंच जागा निर्माण होईल.

आपल्याकडे एक छान शब्द आहे, खातरजमा. बँकेत, कोर्टात, लग्न जुळवताना सगळीकडे चालतो. खातरजमा करायची म्हणजे आधी शंका असणारच, त्यात काही वावगं नाही. पण ती शंका एका ठिकाणी जाऊन मिटते. अमुक कागद बघितला, तमुक माणसाला भेटलो, झालं समाधान. फ्लिंटच्या बायकांनी केली ती खातरजमा, एल्सबर्ग यांच्यामुळे झाली तीही खातरजमाच. म्हणून आता कुणी ‘सगळे खोटारडे’ म्हटलं की मी वाद घालत नाही. एकच विचारतो, “काय दाखवलं तर तुझं समाधान होईल?” उत्तर असेल, तर आपण दोघं मिळून ते बघायला जाऊ. उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो संशय राहिला नाही, ती श्रद्धा झाली.

आजोबांनाही मी २०२२ मध्ये हेच विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मशीन उघडून दाखव.” मिशिगनमध्ये प्रत्येक निवडणुकीआधी मशीनची जाहीर चाचणी होते, कुणीही जाऊन बघू शकतं, आधी तशी नोटीसही निघते. गावात सहसा दोन-तीन टाळकी येतात. त्या वर्षी आम्ही दोघं गेलो. आधीच बेरीज माहीत असलेल्या मतपत्रिका मशीनमधून घालतात आणि आकडा जुळतो का बघतात. आजोबांनी खिशातून चष्मा काढला, कागदावर स्वतः रेघा मारून मोजलं, आणि मशीनला दोन प्रश्न विचारावेत तसे नव्या क्लार्कला दोन खोचक प्रश्न विचारले. आकडे जुळले. परत येताना गाडीत म्हणाले, “हे मशीन ठीक आहे.”

डेट्रॉइटबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही. २०२० बद्दल तर नाहीच. पण २०२४ ला पुन्हा चाचणीची नोटीस निघाली तेव्हा आठवण त्यांनीच मला केली, आणि या वेळी त्यांच्याबरोबर त्यांच्या चर्चमधले आणखी दोन म्हातारे होते. एका मशीनने काय होणार, असं माझी बायको म्हणते. तिचंही खरंच आहे. देशात हजारो मशीन आहेत, आणि प्रत्येकासमोर चष्मा लावून कोण बसणार?

असो. नेहमीप्रमाणे लांबलंच. घरच्यांसाठी सांगतो, इथे सगळं ठीक आहे, टीव्हीवर दिसतं तितकं काही वाईट नाही. नागपूरकरांनो, व्हिडिओ पाठवा जरूर, पण आधी मला एक फोन करा. आणि बाकीच्यांना एकच विचारतो, तुमच्या गावात अशी कुणी क्लार्क बाई असेल, पाणीपुरवठ्यातला कुणी इंजिनिअर असेल, तर त्यांचं काम तुम्ही कधी जाऊन बघितलंय का? बघितलं असेल तर लिहा. मला वाचायला आवडेल.